बांगडीच्या मापाची पोलकी

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी नावं ठेवायला नको. आंधळगावच्या बस थांब्यासमोर माझं सायकलचं दुकान होतं. पंक्चर काढणं, हवा भरणं, वाकडं चाक सरळ करणं, चेन बसवणं. गिऱ्हाईक 'लवकर कर' म्हणालं की मी मुद्दाम पाना खाली ठेवून विडी पेटवायचो. अशा माणसाचं दुकान जेवढं चालायचं तेवढं माझं चालत होतं.

माझ्या उजव्या हाताला कुंताबाईचं बांगड्यांचं दुकान आणि डाव्या हाताला मंदाबाईचं शिवणाचं. तिघांच्या पुढे एकच लांब ओटा. शिवणाचं दुकान खरं तर तिच्या नवऱ्याचं, तुलारामचं. दोन वर्षांपूर्वी तो काविळीनं गेला आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मंदाबाई त्याच्या पायमशीनवर बसली. तिचे हात त्याच्यापेक्षा चांगले होते. पण हे तो असताना कोणी म्हटलं नाही आणि तो गेल्यावर पाहायला कोणी आलं नाही.

कारण गिऱ्हाईकच उरलं नव्हतं. ही एकोणऐंशी सालची गोष्ट. पूर्वी तुमसरला दिवसातून दोन बसा जायच्या, आता सहा जायला लागल्या. आमच्या नाकासमोर बायका बसमध्ये चढायच्या आणि संध्याकाळी तयार पोलकी, बांगड्या, झालंच तर नवऱ्यासाठी सायकलचं सीटसुद्धा घेऊन उतरायच्या. मी त्यांच्याकडे असा बघायचो, की त्या पुढच्या वेळी वाट वाकडी करून जायच्या. कुंताबाई म्हणायची, "कवडू, तुह्या डोळ्यानं माहं गिऱ्हाईक पळते."

दसऱ्याला मंदाबाईचा भाऊ गोपीचंद आंबागडहून सोनं द्यायला आला. माझ्या हातावर पानं ठेवली आणि तिच्या दुकानात जाऊन बसला. मधली भिंत कुडाची. मी कान लावला नव्हता, पण कान काही मी घरी ठेवून येत नाही.

"मंदे, एकटी बाई, थांब्यावर दुकान, अन् दिवसभर गिऱ्हाईक तं एक दिसत नाही. कायले बसून राहिली तू इथं?"

तिकडून कात्रीचा आवाज तसाच चालू राहिला.

"मंडईच्या दिवशी बैलबंडी घेऊन येतो मी. मशीन चालत असली तं जिलबी खाऊन वापस जाईन, एक शब्द बोलणार नाही. बंद दिसली तं मशीन बंडीत, अन् तूही. माह्या ओसरीवर बसून शिवजो काय शिवायचं ते."

गोपीचंद वाईट माणूस नव्हता. त्याच्या घरी तिला जेवणाची ददात पडली नसती. पण भावजयीच्या ओसरीवर शिवणं वेगळं आणि स्वतःच्या दुकानाची कडी सकाळी स्वतः काढणं वेगळं, एवढं माझ्यासारख्यालाही कळत होतं. तिकडून मंदाबाईचा आवाज आला, अगदी शांत. "मंडईले ये, दादा. पण बंडी रिकामी वापस न्यायची तयारी ठेवजो."

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. दिवसा दंडार नाचते, रात्री नाटक होतं, लेकी माहेरी येतात आणि दहा गावचे पाहुणे गोळा होतात. आमच्या गावाच्या मंडईला तेव्हा पाच आठवडे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गळ्यात मापाची पट्टी घालून माझ्या पुढ्यात उभी राहिली.

"कवडूभाऊ, तुमच्या दुकानात माणूस किती वेळ बसते?"

"पंक्चर असला तं अर्धा घंटा."

"अन् कुंतामावशीजवळ बाई?"

"दोन्ही हात भरेपर्यंत. तोही अर्धाच घंटा."

"तेवढा वेळ कोणाले उठून जाता येत नाही," ती म्हणाली. "त्याचं चाक तुमच्या हातात. तिचा हात मावशीच्या हातात. आजपासून आपल्या मालाबद्दल आपण तोंड उघडायचं नाही. तुमच्या दुकानाचं मी बोलणार, मावशीचं तुम्ही बोलायचं, माह्या पोलक्याचं मावशी बोलन. आपला माल तं सारेच चांगला म्हणतात. त्याच्यावर कोण भरोसा ठेवते?"

"अन् मी बोललो नाही तं?"

"तं बोलू नका. मी बोलणारच आहे. पण एक अट आहे. खोटं बोलायचं नाही. जेवढं चांगलं तेवढंच सांगायचं."

कुंताबाईनं ऐकलं आणि लगेच मान डोलावली. तिचं वय साठीला आलेलं, तोंड तसंही दिवसभर चालू असायचं, आता त्याला काम मिळालं. माझीच पंचाईत. गोड बोलायची सवय नाही. पहिल्या दिवशी एका गिऱ्हाईकाला मी दरडावलंच, "घरी रिकाम्या हातानं जाऊन राहिला का? शेजारी बांगड्या आहेत, दिसत नाहीत?" तो घाबरून डझनभर बांगड्या घेऊन गेला. मंदाबाई हसू दाबत म्हणाली, चालेल, पण थोडं हळू.

कुंताबाईची रीत वेगळी. ती बाईचा हात हातात घ्यायची, चार बांगड्या चढवायची आणि मग म्हणायची, "हात वर कर जरा. हे पाहा, काखेत उसवलं. तुमसरचं तयार पोलकं होय न? धान कापताना हात उचलला की फाटलंच. मंदाबाई काखेत चौकोनी तुकडा घालते वेगळा. घाल अन् एकर कापून ये." हे खरं होतं. ती युक्ती तुलारामलाही सुचली नव्हती. आणि मंदाबाई बायकांची मापं घेताना सहज म्हणायची, "लुगड्याले हे काळं वंगण कायचं? धन्याच्या सायकलची चेन उघडी आहे. कवडूभाऊजवळ चेनचं कव्हर भेटते." वर्षाला एक कव्हर विकणारा मी, पंधरा दिवसांत सात विकली.

मध्ये एकदा आमचं फाटलं. एका बाईला मंदाबाईनं सांगितलं, कवडूभाऊ काम पक्कं करते, पण ब्रेकाचे रबर जुने ठेवते, नवे मागून घ्या. ती बाई नवऱ्याला घेऊन आली आणि तोंडावर नवे रबर मागितले. मी तीन दिवस मंदाबाईशी बोललो नाही. चौथ्या दिवशी तुमसरहून नव्या रबरांचा डबा आणला आणि तिच्या दुकानापुढून दोनदा उगाच हातात धरून फिरवला. तिनं पाहिलं. त्या दिवसापासून पुन्हा बोलणं सुरू झालं.

आता माझी चूक सांगतो. ती दुसऱ्या कोणाच्या नावावर टाकावी असं कितीदा तरी वाटलं, पण ती माझीच.

मंडई जवळ आली तशी पुरुषमाणसं पोलक्याचं कापड घेऊन यायला लागली. बायका धानाच्या कापणीत अडकलेल्या, त्यांना यायला सवड नव्हती. पण मंदाबाईच्या दुकानात बायका बसलेल्या असायच्या, तिथं शिरायला पुरुषांना लाज वाटायची. मग ते माझ्याकडे यायचे, सायकलची हवा तपासून घ्यायचे आणि कापडाची पुडी हळूच पुढे सरकवायचे. "मंदाबाईले देजो. मंडईले घेऊन जाऊ."

"माप?"

मापाला जुनं पोलकं आणायचं असतं, हे ना त्यांना ठाऊक ना मला. बायकोच्या अंगाबद्दल परक्या माणसाशी बोलायचं कसं? नाव तर कोणी घेतच नव्हतं. एक जण बराच वेळ पायानं माती उकरत राहिला आणि म्हणाला, "बांगडी सव्वादोनची लागते." जत्रेतून बांगड्या नेतो म्हणून तेवढं एक माप त्याला पाठ होतं. मला वाटलं, माप म्हणजे माप. मी चिठ्ठीवर लिहिलं, 'जांब, भाऊराव, सव्वादोन', आणि पुडीला टाचून ठेवलं. पुढच्याला मीच विचारलं, "बांगडी कितीची?" त्यानं अडीच सांगितलं आणि सुटल्यासारखा हसला. मी माझ्या हुशारीवर खूष. एवढी कापडं एकदमच मंदाबाईसमोर ठेवावी, तिचे डोळे विस्फारलेले बघावे, म्हणून ती साबणाच्या खोक्यात साठवत राहिलो.

मंडईच्या तीन दिवस आधी दुपारी मी ते खोकं तिच्या मशीनपाशी नेऊन ठेवलं. चौदा पुड्या. तिचे डोळे विस्फारले खरे. तिनं पहिली चिठ्ठी वाचली.

"हे सव्वादोन काय आहे?"

"माप."

"कायचं?"

"बांगडीचं."

मला वाटलं, आता ती ओरडेल. मीच असतो तर खोकं रस्त्यावर भिरकावलं असतं. तिनं दुसरी चिठ्ठी वाचली, तिसरी वाचली, सगळ्या वाचल्या.

"कवडूभाऊ, पोलकं हातात नाही घालत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणालो, सायकलवर बसतो आणि गावोगाव जाऊन कापडं परत करून येतो, चूक माझी आहे असं सांगतो. ती म्हणाली, "परत केलं तं चौदा घरी एकच गोष्ट होईन, मंदाबाईनं काम नाही केलं. तुमचं नाव कोणी घेणार नाही. अन् तीन दिवसांनी दादा बंडी घेऊन येऊन राहिला." मग ती उठली, दारात गेली आणि कुंताबाईला हाक मारली.

कुंताबाईनं चिठ्ठ्या ऐकल्या आणि आधी मला मनसोक्त हसून घेतलं. मग मांडी घालून बसली. "वाच."

"जांब, भाऊराव, सव्वादोन."

"भाऊरावची बायको तुळसा. मनगट बारीक, पण खांदे तुह्यापेक्षा दोन बोटं रुंद. छाती तुह्याएवढीच."

मंदाबाईनं खडूनं कापडावर खूण केली. मी विचारलं, हे तिला कसं ठाऊक. कुंताबाई म्हणाली, "बांगडी चढवताना हाताकडं पाहायचं नसते, बापा. हाताकडं पाहिलं की बाई हात आखडते अन् बांगडी फुटते. बाईकडं पाहायचं, तिच्याशी बोलायचं. तीस वरीस मी बायाईकडंच पाहून राहिली."

एकामागून एक चौदा बायका तिनं माझ्यासमोर उभ्या केल्या, त्यांच्या नवऱ्यांच्या नावावरून आणि बांगडीच्या मापावरून. ही उंच, ही पुढे वाकून चालते, हिचा उजवा दंड भरलेला कारण ती कांडणाला जाते. शेवटची चिठ्ठी कांद्रीची होती. तिथं ती थोडी थांबली. "हिचा लग्नाचा चुडा मीच भरला होता. आठ महिने झाले. आता पोटुशी असन. सैल ठेव."

मंदाबाईनं तीन दिवसांत चौदाही पोलकी कापली आणि बाजूच्या शिलाया कच्च्या टाक्यांवर ठेवल्या. आत चांगली दोन-दोन बोटं जास्तीचं कापड सोडलं. बाई मंडईला आली की कुंताबाईच्या मागच्या खोलीत घालून बघायचं, कुंताबाईनं टाचण्या लावायच्या, आणि बाईचे हात बांगड्यांनी भरेपर्यंत मंदाबाईनं पक्की शिलाई मारायची. तोवर नवरा माझ्या ओट्यावर. असं ठरलं. ठरवताना तिच्या आवाजात जरासुद्धा डगमग नव्हती. मला मात्र तिन्ही रात्री झोप लागली नाही, हे कबूल करतो.

मंडईच्या दिवशी सकाळपासून ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. शिंगाड्याच्या ढिगामागे शिंगाडेवाले ओरडत होते, मैदानात ढोलकी वाजायला लागली होती, आणि आमच्या तिन्ही दुकानांतून माणसं जणू एकाच घरात फिरावीत तशी फिरत होती. जांबची तुळसा आली, पोलकं घालून बघितलं आणि कुंताबाईला म्हणाली, "माहं माप कोणी दिलं वो?" कुंताबाईनं माझ्याकडे बोट दाखवलं. मी मान खाली घालून पंक्चर शोधत राहिलो.

दुपारपर्यंत सहा पोलकी गेली. सातव्याला मशीनचा पट्टा तुटला.

पाय मारला की ज्यानं चाक फिरतं तो चामडी पट्टा. तुलारामच्या काळचा, दोनदा जोडलेला. तुमसरला जाऊन नवा आणायला दोन-अडीच तास, आणि कुंताबाईकडे आठ बायका नवं पोलकं घालूनच दंडार बघायला जायचं म्हणून अडून बसलेल्या. मंदाबाई माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "काही होते का?" मी म्हणालो, होते. मग मी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापायला बसलो. एकेरी रबर ताणलं की घसरतं, म्हणून तीन पट्ट्यांची वेणी घालायला घेतली. मंदाबाई थांबली नाही. उजव्या हातानं मशीनचं चाक फिरवायला लागली आणि डाव्या हातानं कापड सरकवायला लागली. एका बाहीला पूर्वीच्या तिप्पट वेळ लागत होता.

आणि तेव्हाच गोपीचंदची बैलबंडी थांब्यापाशी येऊन थांबली. बंडीत मशीनला धक्का लागू नये म्हणून धानाचं तणस पसरलेलं, वर दोर ठेवलेला. त्यानं बैल सोडून चाकाला बांधले आणि दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. त्याला काय दिसलं असेल? पायडल थांबलेलं, पट्टा तुटून लोंबतोय, आणि बहीण घामानं भिजून एका हातानं चाक फिरवते आहे.

"थांबली न मशीन?" तो म्हणाला. "मंदे, मी म्हटलं होतं. चालते का तुहं दुकान, तूच सांग."

तिनं मान वर केली नाही. सुई काखेच्या चौकोनी तुकड्यावर होती, तिथं नजर हलवता येत नाही. आणि आपल्या मालाबद्दल आपण बोलायचं नाही, हे तिनंच घालून दिलेलं होतं. मी ओट्यावरून म्हणालो, "गोपीचंदभाऊ, आत आठ बाया बसल्या आहेत. तुम्ही मशीन उचला. पण मग त्याईले तुम्हीच जाऊन सांगा."

त्यानं कुंताबाईच्या दाराकडे पाहिलं. आठ बायकांनी त्याच्याकडे पाहिलं. कुंताबाईच्या हातात कोणाचा तरी हात होता, तो न सोडता ती म्हणाली, "पाहुणे, तुमचे हात रिकामे दिसतात. चाक फिरवा."

गोपीचंदनं एकदा बंडीकडे पाहिलं. मग त्यानं डोक्याचा दुपट्टा काढून खुंटीला लावला, स्टूल ओढलं आणि चाकाला हात घातला. पहिल्यांदा उलटं फिरवलं, दोरा गुंतला. मंदाबाई तेव्हा कुठे त्याच्याशी बोलली. "आपल्याकडं फिरव, दादा. हळू. मी म्हटलं की थांब." मग तो फिरवत गेला. ती थांब म्हणाली की थांबायचा, चल म्हणाली की चालवायचा. आता तिचे दोन्ही हात कापडावर होते.

अर्ध्या तासात माझ्या रबराची वेणी तयार झाली. ताणून पाहिली, पक्की होती. मी ती घेऊन मंदाबाईच्या उंबऱ्यात गेलो. गोपीचंद चाकावर वाकून बसला होता आणि बहिणीच्या बोटांकडे बघत होता. असं कोणी तिच्या कामाकडे बघताना मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. मी मागे फिरलो, ओट्यावर येऊन बसलो आणि वेणी सदऱ्याच्या खिशात घातली.

कांद्रीच्या बाईची पाळी सगळ्यात शेवटी आली. ती खरंच पोटुशी होती आणि सैल ठेवलेलं पोलकंसुद्धा तिला घट्ट झालं. मंदाबाईनं बाजूच्या शिलाया उसवल्या, आत ठेवलेलं सगळं कापड बाहेर काढलं आणि पुन्हा शिवलं. गोपीचंदनं चाक फिरवलं. तिनं घातलं, दोन्ही हात वर करून बघितले, म्हणाली, "बसलं." दिवस कलला होता. चौदाही झाली होती.

गोपीचंद उठला. उजवा तळहात लाल झालेला, तो धोतराला चोळत होता. बंडीजवळ गेला तर बैलांनी तणस अर्ध्याहून जास्त खाऊन टाकलं होतं. त्यानं दोर गुंडाळून बंडीच्या कोपऱ्यात टाकला. मंदाबाई दारात उभी होती. त्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं. माझ्याकडे वळला.

"कवडूभाऊ, इथं जिलबी कोणाची चांगली भेटते?"

मी हातानंच मैदानाच्या टोकाचं शकुनबाईचं दुकान दाखवलं. तो गेला. तिथं उभ्या उभ्या जिलबी खाल्ली, एक पुडा बांधून आणला आणि मशीनच्या फळीवर ठेवला. बैल जुंपले, बंडी आंबागडच्या रस्त्याला लागली. मंदाबाईनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तिनं पुडा सोडला, एक तुकडा मोडला आणि तो हातात धरून रडली, चांगली मोकळी रडली. कुंताबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मी सायकली आत घ्यायला लागलो, कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कडी काढली तेव्हा मी वेणी घेऊन गेलो आणि मशीनला बसवली. तिनं पाय मारून पाहिला. चाक फिरलं.

"केव्हा तयार झाली?" तिनं विचारलं.

"रात्री बसून केली."

ती सुईत दोरा ओवत होती. ओवून झाल्यावर माझ्याकडे पाहिलं. "खोटं बोलायचं नाही, असं ठरलं होतं, कवडूभाऊ. मी तुम्हाले काल उंबऱ्यात पाह्यलं होतं."

बाहेर एक जण मोडकी सायकल घेऊन उभा होता आणि लवकर कर म्हणत होता. मी पाना उचलला आणि लगेच कामाला लागलो.